कोंड्याच्या भावानं

"उलटी आलीच तर कुठं करायची?" प्रमोदिनीने विचारले.

"खिडकीच्या भाईर," सारजाबाई म्हणाल्या. त्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. "पन आधी मागं बगायचं. मागच्या खिडकीत कुनी डोकं काढून बसलं आसंल, तर समदं त्याच्या तोंडावर जातंय."

"आणि खिडकी मिळालीच नाही तर?"

"तर टोपीत."

"माय! गाईडला टोपी नसते. स्कार्फ असतो."

"मंग त्यात. त्याच्यासाठीच दिला आसंल."

मला हसू आले. प्रमोदिनीला नाही. तिच्या शाळेचे गाईडचे शिबिर संक्रांतीनंतर म्हैसमाळला जाणार होते. तीन रात्री, तंबूत. संमतीपत्र माझ्या हातात होते आणि त्यावर ह्यांची सही होऊन चार दिवस झाले होते. त्या चार दिवसांत पोरीने न जाण्याची दहा तरी कारणे सांगितली होती. गाडी लागते. तंबूत पाल येते. सगळ्यांसमोर जेवता येत नाही. अंधारात बाहेर जायला लागले तर कोणाला उठवायचे? आठवीत गेलेली मुलगी, पण कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळण आणायलासुद्धा तिला सोबत लागायची.

त्या संध्याकाळी तिने शेवटचे हत्यार काढले. "माय जा म्हणाली तरच जाईन."

माय म्हणजे शेजारच्या सारजाबाई. मला ती आई म्हणायची, त्यांना माय. माय नाहीच म्हणणार, याची तिला खात्री होती. तिला साधी शिंक आली तरी सारजाबाई तिला दोन दिवस पाण्यात हात घालू द्यायच्या नाहीत. म्हणून आम्ही तिघी त्यांच्या दारात होतो आणि मामला उलटीपर्यंत आला होता.

"किती रात्री म्हनलात?" सारजाबाईंनी मला विचारले.

"तीन."

त्यांचा हात सुपात थांबला. एक खडा त्यांनी बोटांत धरला होता, तो तसाच राहिला.

"तुमी कुनी संगं न्हाई?"

"नाही. शाळेच्या पाटोदेकरबाई आहेत. आईबापांना येऊ देत नाहीत."

त्यांनी खडा अंगणात टाकला. "जा," त्या प्रमोदिनीला म्हणाल्या.

"अगं माय, पण मला..."

"जा म्हनलं ना. लिवा वैनी त्या कागदावर. सारजाबाई जा म्हनली."

प्रमोदिनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. वकिलानेच उलटी साक्ष द्यावी, तसे तिला झाले असणार.

तिला ठाऊक नव्हते की त्या एका शब्दात सारजाबाईंनी काय देऊन टाकले होते. मला ठाऊक होते.

प्रमोदिनी माझी तिसरी. पहिली दोन्ही बाळे सव्वा महिन्याच्या आत गेली. तिसऱ्या वेळी माझ्या आईने बिडकीनहून दगडाबाई सुईणीला आमच्या उस्मानपुऱ्यातल्या खोलीवर पाठवले. पोर झाले, मुलगी झाली. चौथ्या दिवशी तिने अंगावर पिणे सोडले आणि तिची नखे पिवळी दिसू लागली. दगडाबाई तिला उलटी सुलटी बघून म्हणाली, "ही बी जायची. इकून टाक."

पोरे जगत नसली की आमच्याकडे असे करतात. मूल दुसऱ्या बाईला विकायचे. पैसे घ्यायचे नाहीत, सूपभर कोंडा घ्यायचा. मग ते मूल तिचे. यम आला तर त्याला पत्ताच चुकीचा मिळतो. मूल राहते आपल्याच घरात, आपल्याच अंगावर पिते, पण बोलायला ते दुसरीचे.

विकायचे कोणाला? आमच्या पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत सहा घरे होती. पाच घरांत पोरेबाळे होती. दगडाबाई दारात उभी राहून प्रत्येक घराकडे बघत गेली आणि सहाव्यापाशी थांबली. "हिला दे," ती म्हणाली, तीही सारजाबाईंच्या समोर. "हिच्या घरातून त्याला न्यायचं ते समदं नेलं त्यानं. आता त्याचा पाय काय तिकडं वळत न्हाई."

सारजाबाईंचा नवरा फकिरा एसटीच्या डेपोत होता. तो काविळीने जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मूल नव्हतेच. सारजाबाई नळावर निघाल्या होत्या. दगडाबाईचे बोलणे ऐकून त्यांनी कळशी खाली ठेवली, आत गेल्या आणि सूप घेऊन आल्या.

मी तीनदा "विकली" म्हणाले. त्या तीनदा "घेतली" म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही. दगडाबाईने दोघींना वायदा सांगितला. या पोरीचा पहिला घास, पहिलं पाऊल, पहिलं नवं कापड, घराबाहेरचं पहिलं जाणं, सगळं घेणारणीच्या हातून. आणि पोर शीव ओलांडून, दोघींपैकी कुणीही संगं नसताना, परक्या छताखाली एक रात्र निजलं, की यमाला चकवून झालं. सौदा फिटला. पोर परत जन्मदात्रीचं.

त्या रात्रीपासून पोर प्यायला लागली. डॉक्टर म्हणाले, कावीळ उतरली. उतरली असेल.

शाळेसाठी ह्यांनी प्रमोदिनी नाव ठेवले. सारजाबाई कोंडी म्हणायच्या, कोंड्याच्या भावाने घेतली म्हणून. उष्टावणाला पहिला घास सारजाबाईंनी भरवला. माझ्या सासूबाई सरूबाई, "रांडमुंड बाईच्या हातून उष्टावण?" असे म्हणाल्या आणि ताटावरून उठून त्याच दुपारच्या गाडीने गावाकडे गेल्या. दोन वर्षे आमच्याकडे फिरकल्या नाहीत. मी सासूबाईंचे ऐकले नाही. पोर जगली होती, मला दुसरे काही नको होते.

असे म्हणते खरी. पण शाळेच्या पहिल्या दिवशी पोरीचा हात सारजाबाईंच्या हातात होता आणि मी दप्तर घेऊन मागून चालत होते. शाळेच्या फाटकातून वळून पोरीने हात हलवला, तो कोणाला, हे मला आजही सांगता येणार नाही. दरवर्षी दिवाळीला मी शिवलेला फ्रॉक आधी शेजारी जायचा, तिथून तिच्या अंगात यायचा. ह्यांना हे सगळे खूळ वाटे. "विकलीस तर विकलीस, निदान गव्हाच्या भावानं तरी विकायचीस," असे म्हणून हसायचे. मी हसत नसे.

म्हणून सारजाबाईंनी "किती रात्री?" विचारले, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आले ते सांगून टाकते. आनंद आला. आता ही माझी होणार. भीती, वाईट वाटणे हे सगळे त्याच्या मागून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मी सारजाबाईंना गाठले. त्या कामावर निघायच्या आधी दोन घागरी भरून ठेवायच्या.

"सारजाबाई, नाही पाठवली तरी चालेल," मी म्हणाले. "लहान आहे अजून. पुढच्या वर्षी बघू."

"तुमाला मनातून काय वाटतंय?"

मी माझी कळशी विसळू लागले.

"दगडाबाई काय म्हनली होती, याद हाय ना?"

"आहे."

"मला बी हाय." त्यांनी घागर नळाखालून काढली, दुसरी सरकवली. "पोरीला सांगू नगा. आधीच गाडीचं भ्या, पालीचं भ्या. त्यात आनखी ह्ये वझं कामून द्यायचं?"

"पण तुम्हाला..."

"तेरा वर्सं लई झाली, वैनी. लोकांच्या पोटच्या पोरी बी तेराव्या वर्सी घरातून जायच्या आमच्या देवगावात." घागर भरून वाहू लागली तरी त्यांनी ती काढली नाही. मीच नळ बंद केला. "आन् जायची तर नीट गेली पायजे. वकत, रडत अर्ध्या वाटंतून माघारी आली तर काय उपेग? येत्या आयतवारी डेपोत घेऊन या तिला."

फकिराच्या जागी सारजाबाईंना गाड्या झाडण्याचे काम मिळाले होते. तेरा वर्षे त्या तेच करत होत्या. रविवारी आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या एका हातात खराटा होता, दुसऱ्या हातात राखेची टोपली. रिकाम्या गाडीत त्या पुढे आणि त्यांच्या मागे नाकाला ओढणी लावून प्रमोदिनी. सीटखाली शेंगांची टरफले, उसाच्या चोयट्या, विड्यांची थोटके, एका पायातली चप्पल.

"एका पायाची चप्पल कशी काय विसरतं कोणी?" प्रमोदिनी म्हणाली.

"झोपंतून उठून पळत्यात, मंग काय. एकदा तर दातांची कवळी घावली होती. तीन दिस हापिसात टेबलावर हसत बसली होती." त्यांनी खराट्याचा दांडा एका सीटवर आपटला. "ह्ये बग. मागचं शीट म्हंजी झोका. चाकावरचं शीट म्हंजी जातं. दोनी नगं. डायवरच्या मागचं तिसरं, खिडकी, आन् तोंड म्होरं. जवळचं झाड बगायचं न्हाई, ते पळतंय. लांबचा डोंगर बगायचा. त्यो जागचा हालत न्हाई."

"आणि उपाशी जायचं ना?"

"कोन म्हनलं? उपाशी पोटच लई ढवळतंय. अर्धी भाकर, कोरडी, ठेचा लावून. दूध न्हाई, चहा न्हाई." त्या खाली वाकून झाडू लागल्या. "चाळीसगावची गाडी घाट चढून आली की म्या आधी राखच घेऊन चढते. आता नुस्तं बगून सांगते, दारूचं कोनतं, घाटाचं कोनतं आन् भ्याचं कोनतं."

"भीतीचं कसं ओळखतेस?"

"त्यात काईच नसतंय. नुस्तं पानी."

प्रमोदिनीने नाकावरची ओढणी खाली घेतली. "माझं कुठलं, माय?"

"तुपलं भ्याचं," सारजाबाई म्हणाल्या. "त्यालाच इलाज हाय."

त्याच दुपारी आम्ही तिघी खुलताबादच्या गाडीत बसलो. तिसरे सीट, खिडकी. छावणीपर्यंत पोर ताठ बसली होती. मिटमिट्यापर्यंत तिने लांबचा डोंगर धरून ठेवला. दौलताबादचा किल्ला आला, घाट सुरू झाला, समोरून ट्रक आला, गाडी कचकन थांबली आणि सगळे शिकवणे खाली आले. खिडकीबाहेर नाही, पायाशी. पलीकडच्या सीटवरच्या बाईने पाय वर घेतले. कोणीतरी मागून म्हणाले, "अरे, पोरीला खिडकीत बसवा की!" ती खिडकीतच होती.

मी तिचे तोंड पुसत होते. खुलताबादच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली, तशा सारजाबाई खाली उतरून चहाच्या टपरीवरून चुलीतली राख मागून घेऊन आल्या. स्टँडवरच्या झाडणाऱ्या बाईचा खराटाही आणला. दोन्ही त्यांनी प्रमोदिनीच्या हातात दिले.

"अहो, मी काढते," मी पुढे झाले.

"तुमी खाली उतरा, वैनी."

तेरा वर्षांत त्यांनी मला काही फर्मावले असेल तर ते तेव्हाच. मी उतरले. खिडकीतून दिसत होते. पोर रडत राख टाकत होती.

"थांब जरा. राखंला पिऊ दे. घाई केली की पसरतंय."

पोर नाक ओढत थांबली.

"आता वढ. तिकडून न्हाई, आपल्याकडं वढायचं. हां."

"पाणी?" प्रमोदिनीने विचारले. रडणे कधी थांबले तिलाच कळले नव्हते.

"आता पानी."

खाली उतरल्यावर सारजाबाईंनी विचारले, "झालं? कुनी मेलं का?"

"नाही."

"लोकांनी काय केलं?"

"नाकाला रुमाल लावला."

"आन् मंग?"

"मग उतरून गेले."

"तेवढंच आसतंय, कोंडे. लोकं उतरून जात्यात."

दुसऱ्या रविवारी जाताना काही झाले नाही, येताना थोडे झाले, पण खिडकीबाहेर, आणि तेही आधी मागे बघून. तिसऱ्या रविवारी मी गेलेच नाही. सारजाबाई मागच्या सीटवर आणि ही पुढे एकटी. संध्याकाळी दोघी दौलताबादचे पेरू खात परत आल्या. प्रमोदिनीने मला येता येता किती डोंगर दिसतात त्याचा हिशेब सांगितला. "आई, खरं तर एकच डोंगर आहे. तोच सगळीकडून दिसतो."

बाकीची तयारी माझ्याकडे होती. जुन्या सतरंजीची वळकटी शिवली. ताट, वाटी, पेल्यावर खिळ्याने नाव कोरून आणले. बॅटरीत नवे सेल घातले. आपल्या घरात आपल्याला कोंडी म्हणतात हे वर्गातल्या मुलींना कळले तर, ही प्रमोदिनीची नवी काळजी होती.

"तिथं तुला कोंडी म्हनायला कोन येतंय?" सारजाबाई म्हणाल्या. त्या वळकटीचा पट्टा ओढून बघत होत्या. "आन् परत आल्यावर बी कोनी म्हननार न्हाई."

प्रमोदिनी खूश झाली. मी सुईत दोरा ओवत राहिले.

निघायच्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही शाळेच्या फाटकाशी होतो. मी वाटीत दही घेतले होते. घराबाहेर पहिले पाऊल घेणारणीच्या हातून, म्हणजे दही सारजाबाई घालणार. घरी बघितले तर त्यांच्या दाराला कुलूप होते. मला वाटले, डेपोतून परस्पर येतील.

गाडी आली. कपाळावर 'प्रासंगिक करार' अशी पाटी. काचा अशा लख्ख की आत कोणी बसले आहे की नाही ते लांबूनच कळावे. खालचे पत्रे ओले होते. मुली ढकलाढकली करत चढू लागल्या. प्रमोदिनी वळकटी कवटाळून रस्त्याच्या टोकाकडे बघत होती.

"माय आली नाही अजून."

"येतील."

"ती आल्याशिवाय मी नाही चढणार."

पाटोदेकरबाई यादी घेऊन आल्या. "चला, प्रमोदिनी. तुझ्याचसाठी थांबलोय."

तेवढ्यात ड्रायव्हर खिडकीतून वाकला. पिकल्या दाढीचे करीमभाई, डेपोतले जुने. "तू सारजाबाई की बच्ची क्या? उनो नै आते. सुबू चार बजे से आके ये गाडी धोई उनो. मेरे कू बोली, तीसरी सीट पे किसी कू बैठने देना नै. चढ, बेटा."

प्रमोदिनीने माझ्याकडे बघितले. तिची हनुवटी हलायला लागली होती. मला वाटले, आता ही घरी चल म्हणणार. मी म्हटले असते तर आलीही असती. माझ्या तोंडात ते शब्द आले होते.

मी चमचा उचलला आणि दही तिच्या हातावर घातले. अर्धे दही तिच्या मनगटावर गेले.

"आई, हा डावा आहे," प्रमोदिनी म्हणाली. "उजव्या हातावर घालायचं. माय उजव्यावर घालते."

मी उजव्यावर घातले. तिने खाल्ले. मनगट स्कार्फला पुसले, स्कार्फ त्याच्यासाठीच दिला असावा तसा, आणि चढली. तिसऱ्या खिडकीत तिचे तोंड दिसले. ती माझ्याकडे बघत नव्हती. लांब, शाळेच्या छपरावरून पलीकडे कुठेतरी तिने आधीच डोंगर शोधायला सुरुवात केली होती. गाडी वळून दिसेनाशी झाली. रिकामी वाटी घेऊन मी उस्मानपुऱ्यात परत आले.

सारजाबाई त्या दिवशी मला दिसल्या नाहीत. संध्याकाळी त्यांच्या घरात दिवा होता, पण दार लोटलेले. मी दोनदा जाऊन कडीला हात लावून परत आले.

सकाळी त्याच आल्या. आंघोळ केलेली, केस ओले.

"झाली ना रात्र तिची?"

"झाली असेल," मी म्हणाले. "काही कळायला मार्ग नाही. पण काही असतं तर गाडीबरोबर निरोप आला असता."

"मंग झाली." त्यांनी काखेतले गाठोडे माझ्या पुढ्यात ठेवले. "ह्ये घ्या तुमचं."

मी गाठ सोडली. एक झबले. तीन फ्रॉक, लहानापासून मोठ्याकडे घडी केलेले. कोपरा फुटलेली पाटी. शाळेच्या पहिल्या दिवसाचे बूट, जे हरवले म्हणून मी किती शोधले होते. रिबिनी. दुसरीतले प्रगतिपुस्तक, तेही मीच शोधत होते.

"हे कशाला, सारजाबाई? राहू द्या तुमच्याकडेच."

"नगं. तुमाला दगडाबाईचं अर्धंच याद हाय. सौदा फिटल्यावर घेनारनीनं पोरीची वस्त ठेवायची न्हाई. तिच्या कशालाबी पह्यला हात लावायचा न्हाई. तोंडानं मपली म्हनायचं न्हाई. म्हनलं तर उलटतंय."

"असं म्हणाली होती?"

"तुमी बाळंतीन होता. तुमचं ध्यान पोरीकडं होतं. म्या ऐकत होते."

"काल आला का नाहीत?" मी विचारले. "शेवटचं दही तरी तुमच्या हातचं... तेवढा हक्क होता तुमचा."

सारजाबाई खाली बसल्या. कामावर जायची वेळ झाली होती, तरी बसल्या.

"मला बगून ती उतरली आसती, वैनी," त्या म्हणाल्या. "आन् म्या उतरू दिली आसती."

मग उठल्या, डबा घेतला आणि गेल्या. गाठोडे मी ट्रंकेत ठेवले. हे ऑफिसातून आले तेव्हा त्यांना दाखवले. त्यांनी बूट हातात घेऊन बघितले, परत ठेवले. त्या दिवशी ते गव्हाच्या भावाचे काही बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी शाळेजवळ गाडी आली. प्रमोदिनी उतरली ती बोलतच. तोंड उन्हाने रापलेले, आवाज बसलेला. उलटी झाली नाही. जाताना नाही, येताना नाही. पण तिच्या तंबूतल्या एका मुलीला झाली, पहिल्याच रात्री, भात जास्त खाऊन. सगळ्या किंचाळत बाहेर पळाल्या. "मग मी चुलीतली राख आणली. बाई म्हणाल्या, तुला कुणी शिकवलं? आणि आई, पाल होती. खरंच होती. पण ती तिच्या कामात होती." कोणाला गाठी बांधता येत नव्हत्या, कोणाच्या पोळ्या जळल्या, म्हैसमाळला थंडी कशी असते, पहाटे तंबूच्या कापडाला हात लावला की पाणी कसे गळते. दुसऱ्या रात्री ती थोडी रडली, पण सहा जणी रडत होत्या, त्यामुळे कोण कोण रडले ते मोजता आले नाही.

मी घरी शिरा केला होता. पहिला घास मी भरवणार होते. पण आमच्या दारापर्यंत येऊन तिने वळकटी माझ्या अंगावर टाकली आणि पायातल्या बुटांसकट शेजारी पळाली.

"माय! अगं माय, ऐक!"

मी मागोमाग गेले. सारजाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. पोर आत आली तशा त्या उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आलात? या. बसा, बाई," त्या म्हणाल्या आणि भिंतीला उभे केलेले बसकर झटकून तिच्यासाठी अंथरले.

प्रमोदिनी थबकली. मागे वळून बघितले, माझ्याशी बोलल्या असे वाटून. मग खो खो हसली.

"माय, तू कोणाला आलात म्हणतेस?"

"तुमालाच. मोठ्या झालात. एकल्या जाऊन आलात." सारजाबाईंनी चुलीवर पाणी ठेवले. "आन् आता माय न्हाई म्हनायचं. मावशी म्हना."

"बरं, मावशी!" प्रमोदिनीने ताठ उभे राहून सलाम ठोकला, शिबिरात शिकवलेला, तीन बोटांचा. तिला हा नवा खेळ वाटला होता. ती बसकरावर मांडी घालून बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली, छावणी, मिटमिटा, किल्ला, घाट.

सारजाबाईंच्या घरात कान असलेला एकच कप होता, बशीसकट. देवगाव रंगारीहून कोणी आले तरच तो फळीवरून खाली यायचा. त्यांनी तो काढला, पदराने पुसला, चहा गाळला आणि दोन्ही हातांनी पोरीच्या पुढ्यात ठेवला. मग मागे सरून दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मी बाहेर, त्या आत, मध्ये उंबरा. मी आत गेले नाही.

प्रमोदिनीने चहा बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला आणि पुढे बोलणार तेवढ्यात सारजाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या,

"साखर बरोबर झाली का, बाई? मला काय अंदाज न्हाई तुमचा."